मोडीच्या भावात मिळालेला इतिहास

दिवाळीच्या तोंडावर घरोघर दोन कामे एकदम सुरू होतात. माळ्यावरचे जुने खाली येते आणि बाजारातले नवे घरात येते. या ये-जा चालू असताना घरातल्या माणसांना जो एक आनंद मिळतो त्याची नोंद पंचांगात नाही. पण तोही सणाचाच भाग आहे. शेजारणीने ज्या डब्याला तीनशे मोजले तोच आपण सव्वादोनशेला आणला, हे सांगताना एरवी मोजके बोलणाऱ्या गृहिणीच्या चेहऱ्यावर जे तेज चढते, ते अभ्यंगस्नानानेही चढत नाही. डबा कसा आहे हे ती एकदाच सांगते. भाव मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पुरुषमंडळी हसतात खरी, पण त्यांच्यातला एखादा जुन्या नाण्यांचा किंवा पोस्टाच्या तिकिटांचा नाद असलेला गृहस्थ पाहावा. ढिगातून वीस रुपयांत निवडून काढलेल्या शिवराईची कथा तो पाहुण्यांना चहा निवेपर्यंत ऐकवतो.

या हौसेला कंजुषी म्हणण्याची चाल आहे, ती मला पटत नाही. कंजूष माणूस बाजारातच जात नाही. स्वस्तात चांगली वस्तू मिळवणे हा नजरेचा खेळ आहे. शंभर जणांनी जे पाहून सोडून दिले त्यात आपल्याला काही दिसले, याचे ते समाधान असते. वाचलेले पैसे ही त्यावरची दक्षिणा.

एकच भाव आणि उपरण्याखालचा हात

घासाघीस ही मागासलेली रीत आणि 'एकच भाव' ही सुधारलेली, असे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. पण एकच भाव ही पाटी तशी अलीकडची. जपानात मित्सुई घराण्याने येदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, 1673 साली कापडाचे दुकान काढले आणि रोख पैसे, एकच भाव ही रीत तेथे रूढ केली. आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. युरोपात या रीतीचा मोठा बोलबाला झाला तो पॅरिसच्या 'बॉन मार्शे' या दुकानामुळे. 1852 साली अरिस्तीद बुसिको त्या दुकानात भागीदार झाला, आणि प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लागली. गंमत अशी, की 'बॉन मार्शे' या फ्रेंच शब्दांचा अर्थच मुळी 'स्वस्त' असा आहे. घासाघीस बंद करणाऱ्या दुकानालाही नाव घ्यावे लागले ते स्वस्ताईचेच!

आमच्याकडच्या गुरांच्या बाजारात अजूनही निराळा प्रकार पाहायला मिळतो. दोन माणसे उपरण्याखाली हात घालून उभी असतात. तोंडाने पावसापाण्याच्या गोष्टी चाललेल्या असतात आणि कापडाखाली बोटे दाबून हजारांचे आकडे फिरत असतात. सौदा तुटला तरी चारचौघांत कोणाचा भाव उतरत नाही, ना बैलाचा, ना धन्याचा. घासाघिशीतही अब्रू राखण्याची ही सोय ज्याने पहिल्यांदा काढली तो मोठा शहाणा म्हटला पाहिजे.

1 एप्रिल 1957 रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे असत. आणा व्यवहारातून गेला, पण भाषेतून गेला नाही. 'सोळा आणे खरे' असे म्हणणारी मुले आजही माझ्या वर्गात आहेत, आणि त्यांतल्या एकानेही आणा पाहिलेला नाही.

दारात येणारा बाजार

आमचे कवठे येमाई हे घोड नदीच्या खोऱ्यातले, येमाईच्या देवळाचे गाव. तालुक्याचे ठिकाण शिरूर. जुनी माणसे त्यालाही घोडनदीच म्हणतात. अशा गावांत बायकांना बाजाराला जाण्याची सवड थोडी, म्हणून बाजारच दारी येई. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन बोहारीण यायची आणि जुन्या कपड्यांवर भांडी द्यायची. तिच्यासमोर बसून लुगडे उलटेपालटे करीत चाललेला तो सौदा म्हणजे दुपारच्या वेळी आळीला मिळणारे नाटकच. "जर बघा की बाई, कशी चकाकतीया!" "चकाकतीया, पण पदर फाटलाय न्हवं?" बोहारणीचा डोळा जरीवर असे, कारण खऱ्या जरीचे काठ जाळले की चांदी हाती लागते. हे घरच्या बाईला ठाऊक असे आणि तिला ठाऊक आहे हे बोहारणीलाही ठाऊक असे. शेवटी एक पातेले आणि वर चिमटा यावर तडजोड होई. दोघीही फसलो असे म्हणत आणि दोघीही हसत उठत. चांगला सौदा ओळखण्याची मला माहीत असलेली ही सर्वांत सोपी खूण आहे.

दुसऱ्याच्या घरातली स्वस्ताई

प्रत्येक सौदा मात्र असा हसत संपत नाही. 'लिलाव' हा शब्दच पाहा. तो आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. पुढे इंग्रजांची छावणी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिरूरला पडली. छावणीचा कर्नल वॉलेस 1809 साली तेथेच वारला आणि त्याची कबर आजही तेथे आहे. मेलेल्या अधिकाऱ्याचे सामान छावणीतच लिलावात काढावे, अशी कंपनीच्या फौजेत सर्वत्र रीत होती. खोगीर, पेटी, चांदीचे चमचे, सारे सोबत्यांतच विकले जाई. स्वस्त मिळालेल्या चमच्याच्या मागे असा एखादा मृत्यू उभा असे.

पुढे लिलाव कोर्टाच्या हुकुमाने शेतकऱ्याच्या दारात आला. अमेरिकेत 1861 ते 1865 पर्यंत यादवी युद्ध चालले, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला; युद्ध संपताच तो कोसळला. सारा मात्र वाढला होता आणि कर्जेही वाढली होती. डिसेंबर 1874 मध्ये आमच्याच शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापायी बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे राहते घर पाडायला घेतले. सावकाराच्या हिशेबाने हा सौदा कायदेशीर होता आणि स्वस्तही होता. गावाने मात्र त्याचा निराळा हिशेब केला. सावकाराच्या दुकानातून कोणी काही घेईना, त्याचे शेत कोणी करीना, न्हाव्याने आणि बलुतेदारांनीही त्याचे काम सोडले. बाजाराला न जाणे हेही बाजारातले मोठे हत्यार असते, हे तेव्हा करड्याने दाखवले.

हा बहिष्कार गावोगाव पसरला. 12 मे 1875 रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजारपेठेच्या गावी लोक उठले आणि कर्जाचे कागद जाळले गेले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहास ज्यांना ओळखतो ते हेच. त्यावर चौकशी झाली आणि 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कर्जापायी शेतकऱ्याला होणारी अटक थांबली आणि कागदामागचा सारा व्यवहार उकलून पाहण्याचा अधिकार न्यायाधीशाला मिळाला. मधल्या काळात 1876 ते 1878 चा दुष्काळ येऊन गेला होता. त्यात घराघरांतले चांदीचे दागिने मोठ्या प्रमाणावर मुंबईच्या टांकसाळीत वितळायला गेले. त्या वर्षी चांदी ज्यांना स्वस्त मिळाली त्यांनी ती कोणाच्या पायांतून आणि दंडांवरून आली, हे विचारले नसेल.

1908 सालच्या दिवाणी कायद्याचे साठावे कलम मला म्हणूनच कायद्याच्या पुस्तकातले सर्वांत घरगुती कलम वाटते. कर्जदाराची कसलीही जप्ती झाली, तरी त्याचे, त्याच्या बायकोचे व मुलांचे लागणारे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण यांना हात लावता येत नाही. धर्माचाराप्रमाणे बाईला अंगावेगळा करता येत नाही असा दागिना, कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारेही त्यातून वगळली आहेत. हे कलम आजही लागू आहे. ज्या वस्तूंचा बाजार मांडता येत नाही, त्यांची ही यादी प्रत्येक स्वस्ताईप्रेमी माणसाने एकदा वाचावी.

मोडीत गेलेले हात

पण कायदा भांड्यांना जप्तीपासून वाचवू शकतो. आपल्या स्वतःच्या हौसेपासून वाचवू शकत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत स्टेनलेस स्टील घरोघर आले. कल्हई नको, चिंच-राखेने घासणे नको, म्हणून बायकांनी त्याचे स्वागत केले, आणि त्यांचे काहीच चुकले नाही. भांडी घासणाऱ्या हातांनाच ते कळते. मात्र त्यापायी तांब्या-पितळेची घंगाळे, चरव्या, हंडे, समया गाड्या भरभरून मोडीत निघाले. मोडीचा व्यापारी काट्यावर वजन करतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबटाने हातोडीच्या हजारो ठोक्यांनी मठारलेला हंडा आणि साध्या पत्र्याचा तुकडा यांचा भाव त्या काट्यावर एकच. धातूला किंमत मिळते, ठोक्याला शून्य. तो ठोका म्हणजे एका माणसाचा दिवस होता, हे काट्याला कळत नाही.

ते कळणारा एक माणूस मात्र पुण्यात होता. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म 1896 चा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत आणि पोटासाठी चष्म्यांचे दुकान चालवीत. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा नाद लागला. त्याच्या थोडे आधी इतिहासाचार्य राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतली दप्तरे धुंडाळून 1898 पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला आरंभ केला होता आणि 1910 साली भारत इतिहास संशोधक मंडळही उभे राहिले होते. राजे, सरदार, कारकून यांचा इतिहास कागदावर सापडतो. पण ज्या बाईने आयुष्यात एक अक्षर लिहिले नाही तिचा इतिहास कुठे शोधायचा? केळकरांनी तो अडकित्त्यात, समईत, कुंकवाच्या करंड्यात, पाय घासायच्या वज्रीत आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांत शोधला. मोठ्या संग्राहकांच्या नजरेतून सुटलेल्या या वस्तू ते गावोगाव फिरून विकत घेत राहिले, आणि पत्नी कमलाबाई यांनी हा संसाराला न परवडणारा संसार सांभाळला.

त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. पुढे जे संग्रहालय झाले त्याच्या नावात वडिलांनी मुलाचे नाव आधी घातले: राजा दिनकर केळकर संग्रहालय. 1960 पर्यंत सुमारे पंधरा हजार वस्तू जमल्या होत्या. 1975 साली हा सारा ठेवा केळकरांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. जन्मभर घासाघीस करून जमवलेले त्यांनी शेवटी देऊन टाकले! 1990 साली ते गेले. आज तेथे वीस हजारांवर वस्तू आहेत; मांडलेल्या आहेत त्या त्यांतल्या थोड्याच. बाजीराव रस्त्याजवळच्या त्या इमारतीत एकदा मुलांना न्यावे. घोड्याच्या, पक्ष्याच्या आकाराचे अडकित्ते पाहून ती आधी हसतात आणि मग विचारतात, "एवढीशी सुपारी फोडायला एवढी नक्षी कशाला?" या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येईल त्याला आपल्या पूर्वजांचा स्वभाव कळला.

जुन्या बाजारात

केळकरांची नजर थोड्यांनाच लाभते, पण सरावाची जागा सर्वांना खुली आहे. पुण्याचा जुना बाजार मंगळवार पेठेत भरतो, आणि पुणेरी शिरस्त्याप्रमाणे तो बुधवारी व रविवारी भरतो. कुलुपे, किल्ल्या, रेडिओचे सांगाडे, पितळी नळ, हत्यारे, नाणी, पुस्तके, सारे जमिनीवर मांडलेले असते. तेथे खोटी शिवराईही मिळते. खरी शिवराई एकोणिसाव्या शतकापर्यंत लोकांच्या हाती फिरून झिजलेली असते. खोटी जरा जास्तच रेखीव दिसते. तेथे जाणाऱ्याने तीन पथ्ये पाळावीत. वस्तू हातात घेतल्याशिवाय भाव विचारू नये. ती कशासाठी होती हे विकणाऱ्याला विचारावे, कारण पुष्कळदा वस्तूपेक्षा तिची हकिगत मोलाची निघते. आणि विकणारा अडलेला दिसला, तर शेवटचे दहा रुपये कमी करायला लावू नयेत. त्या दहा रुपयांनी आपली दिवाळी मोठी होत नाही. त्याची कदाचित होते.

आणि सर्वांत स्वस्त सौदा तर आपल्या माळ्यावरच आहे. यंदा मोडीचा माणूस दारात येण्याआधी तिथले एकेक भांडे घरातल्या सर्वांत वयस्कर बाईच्या पुढ्यात ठेवावे आणि विचारावे, "आजी, यात काय करायचे?" तिचे सांगून झाले की मग खुशाल तराजू आणावा. बहुतेक भांडी पुन्हा माळ्यावर जातील, आणि एखादे चिंच लावून, लखलखीत होऊन, पाडव्याच्या दिवशी पाटावर येईल.