रत्नागिरीतील संगणक पदवी: वार्षिक परीक्षेपासून श्रेयांकांपर्यंत

रत्नागिरीत महाविद्यालयीन शिक्षण १९४५ मध्ये सुरू झाले. त्या वर्षी स्थापन झालेली संस्था म्हणजे आजचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय. १९९६ मध्ये फिनोलेक्स अकादमीमुळे अभियांत्रिकी पदवीचीही सोय झाली. दोन्हीकडची पदवी मुंबई विद्यापीठाची असल्याने पदवीचे नियमही तिथूनच ठरत.

संगणकशास्त्राची पदवी ज्या विज्ञान शाखेत येते, तिथे दीर्घकाळ वार्षिक पद्धत होती. विषयांचे गट ठरलेले असत आणि विद्यार्थ्याची निवड प्रवेश अर्जापुरतीच राही. काही विषयांत नापास झालेल्यांना एटीकेटीमुळे पुढच्या वर्गात जाता येई, पण राहिलेले विषय सोडवल्याखेरीज पदवी मिळत नसे.

२०११-१२ पासून विद्यापीठाने श्रेयांकाधारित सत्र पद्धत लागू केली. पदवीची मोजणी वर्षांऐवजी सत्रे आणि श्रेयांक यांवर होऊ लागली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने निवडीची कक्षा वाढवली. मुख्य विषय संगणकशास्त्र असला तरी गौण विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्य, भाषा आणि भारतीय ज्ञानप्रणाली यांचे ठरावीक श्रेयांक मिळवावे लागतात. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत ते विद्यार्थ्याच्या खात्यावर जमा होतात.