ओतूरहून लिहिलेले एक पत्र

जुन्नरचे नाव काढले की इतिहासाच्या अभ्यासकाची दृष्टी प्रथम नाणेघाटाकडे वळते. तेथील लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. कोणते यज्ञ झाले आणि त्यांत किती गाई, किती घोडे, किती कार्षापण दक्षिणा म्हणून दिले, याची त्यात मोजदाद आहे. दगडावर कोरला म्हणून तो लेख दोन हजार वर्षे टिकला. आम्हांला मात्र आज याच तालुक्यात लिहिल्या गेलेल्या एका कागदाविषयी बोलावयाचे आहे. तोही एका स्त्रीच्याच नावाचा आहे आणि त्यातही एक मोजदाद आहे. पण ती भुकेल्यांसाठी आलेल्या चार गाड्या धान्याची आहे.

हा कागद म्हणजे सावित्रीबाई फुले यांनी 20 एप्रिल 1877 रोजी ओतूरहून जोतीरावांना लिहिलेले पत्र होय. सावित्रीबाई म्हटले की मुलींच्या शाळेतील शिक्षिका एवढेच चित्र आपल्यापुढे उभे राहते. 1854 साली ‘काव्यफुले’ प्रसिद्ध करणारी कवयित्री आणि उद्योग, विद्यादान, सदाचरण, व्यसने व कर्ज या विषयांवर लोकांपुढे बोलणारी व्याख्याती ही त्यांची ओळख मागे पडते. त्यांच्या खाजगी लिखाणापैकी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आपल्यापुढे आहेत. पहिली दोन, 1856 व 1868 सालांची, नायगावहून लिहिलेली. तिसरे हे ओतूरचे. 1840 पासून 1890 पर्यंत पन्नास वर्षांचा संसार, आणि त्यातली पत्रे अवघी तीन! डॉ. मा. गो. माळी यांनी संपादिलेल्या समग्र वाङ्मयात ती 1988 साली ग्रंथरूपाने आली, म्हणून आज आपण ती वाचू शकतो.

पत्राचा काळ ध्यानात घेतला पाहिजे. 1876 साली दख्खनमध्ये पावसाने दगा दिला आणि दोन वर्षे पुरणारा दुष्काळ पडला. जुन्नर आणि त्याच्या दक्षिणेचा आंबेगाव (तेव्हा तो खेड तालुक्याचा पेटा होता) यांची जमीन एकसारखी नाही. सह्याद्रीच्या कुशीतील मावळपट्टीत एरवी पाऊस उदंड, तर पूर्वेकडे तो बेताचा. शेतकरी मात्र दोन्हीकडचा कर्जात रुतलेला. सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला तो 12 मे 1875 रोजी. त्याला अजून दोन वर्षेही झाली नव्हती. सरकारने दुष्काळी कामे काढली खरी. पण जानेवारी 1877 मध्ये मजुरीत कपात होताच हजारो मजुरांनी ती कामे सोडली.

सरकारी दप्तरात या काळाचे आकडे सापडतात. सावित्रीबाईंच्या पत्रात माणसे सापडतात. साल सरले तरी दुष्काळ सरला नाही, जनावरे पटापट मरत आहेत, लोक गाव सोडून चालले आहेत, असे त्या कळवितात. सावकार अडलेल्यांना नाडीत आहेत आणि त्यातून दंगे उद्भवत आहेत, हेही सांगतात. दंग्याच्या निमित्ताने पन्नास सत्यशोधकांना धरून नेले. कलेक्टरने सावित्रीबाईंना बोलावून घेतले, तेव्हा त्यांनी त्यालाच जाब विचारला: निरपराध कार्यकर्त्यांवर हे किटाळ कशासाठी? कलेक्टरला त्यांचे म्हणणे पटले. माणसे सुटली आणि वर चार गाड्या धान्यही आले.

आता कोणी विचारील, घरच्या पत्रावर इतिहासाने कितपत विसंबावे? प्रश्न रास्त आहे. पत्र एका पक्षाचे असते; सावकाराची बाजू त्यात येणार नाही, कलेक्टरचा शेराही नाही. म्हणून ते इतर साधनांशी ताडून पाहावे लागते. या पत्रानंतर महिनाही उलटला नाही तोच, 17 मे 1877 रोजी, जोतीरावांनी दुष्काळाविषयी पत्रक काढून धनकवडीच्या बालाश्रमातील अन्नछत्रासाठी मदत मागितली. दोन कागद एकमेकांना धरून आहेत. पुढे 1879 साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा केला. म्हणजे सावकारीची जी तक्रार पत्रात आहे, ती सरकारलाही मान्य करावी लागली. कर्जावरील त्यांच्या भाषणामागे ओतूरला डोळ्यांनी पाहिलेली ही अवस्था असावी, असे आम्हांस वाटते.

परंतु पत्राचे खरे मोल आम्ही वेगळ्याच गोष्टीत मानतो. हे पत्र नसते, तर ओतूरला त्या उन्हाळ्यात एक बाई कलेक्टरसमोर उभी राहिली, हे आज कोणास ठाऊक असते? सरकारी कागद सरकारला हवे तेवढेच लिहितो. आणि ज्यांनी धान्य खाल्ले त्यांना लिहिता येत नव्हते.

श्रोतेहो, घोड नदीवरच्या डिंभे धरणात आंबेगाव हे तालुक्याला नाव देणारे गावच पाण्याखाली गेले. गाव हलते तेव्हा माणसे आधी भांडीकुंडी आणि देव हलवितात. माळ्यावरच्या कागदांची आठवण शेवटी होते, किंवा होतच नाही. गाव न हलताही वाळवी आणि रद्दीवाला आपले काम करीतच असतात. तुमच्या घरात आजोबांची पत्रे असतील, एखाद्या भाषणाचे टिपण असेल, सावकाराची जुनी वही असेल. तिच्यात इतिहास आहे की नाही, हे ठरविण्याची घाई करू नका. जुन्नरचा दगड आपली काळजी आपण घेईल. कागदाची काळजी मात्र आपल्यालाच घ्यावी लागेल.