दादरला गाडी बदलून

साठच्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात श्रवण आणि वाचाशास्त्राचे वर्ग सुरू झाले. देशातल्या या विषयाच्या अगदी पहिल्या वर्गांपैकी ते होते.

९ ऑगस्ट १९८३ला वांद्रे रेक्लमेशनवर श्रवणदोष असलेल्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था आली. महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचं नाव तिला आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या पालकांनी बाळाला कडेवर घेऊन दादरला गाडी बदलायची आणि संस्थेत पोहोचायचं. ध्वनिरोधक खोलीत ऑडिओमीटरवर ऐकण्याची पातळी मोजली जाते, कानाचा साचा घेतात, श्रवणयंत्र बसतं. खरी मेहनत त्यानंतरची: शब्द ऐकवणं, उच्चार घडवणं, आणि आईवडिलांनी तेच घरी रोज करणं. या शास्त्रातला सर्वांत मोलाचा भाग हाच.