काटकसर आणि शेवटचे ताट

भगिनींनो, इतिहासावर चार ओळी लिहा असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी गांगरले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि शाळेतल्या सनावळ्या केव्हाच विसरले. पण सासूबाई म्हणाल्या, "अगं, आम्ही घासलेटच्या रांगेत उभ्या राहिलो, तो इतिहास नव्हे काय? तोच लिही." म्हणून त्यांच्याकडून ऐकलेले लिहीत आहे.

सासूबाई १९७१ साली लग्न होऊन अंधेरीच्या चाळीत आल्या. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रात पावसाने दगा दिला व मोठा दुष्काळ पडला. गावाकडची माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. इकडे मुंबईत धान्य, तेल, साखर सारेच महागले. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. त्यात १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी खनिज तेलाचे भाव वाढवले. काही महिन्यांत ते जवळजवळ चौपट झाले आणि त्याची झळ आपल्या स्टोव्हपर्यंत पोचली.

मग बायकांनी काय केले? मिलोची भाकरी थापताना तुटे, म्हणून पीठ कढत पाण्यात मळायचे. दोडक्याच्या शिरांची चटणी करायची. चहात साखरेऐवजी गूळ घालायचा. भात अर्धा शिजला की पातेले उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळायचे. तो आपल्याच वाफेवर शिजे आणि घासलेट वाचे. रांगेत एकीने चार घरांचे डबे धरायचे, दुसरीने चौघींची मुले सांभाळायची.

परंतु एका काटकसरीबद्दल कोणी बोलत नसे. घरातली बाई सर्वांच्या शेवटी जेवायला बसे, आणि भाकरी संपलेली दिसली की "आज मला भूक नाही" म्हणून पाणी पिऊन उठे. सगळ्यांची पोटे भरत ती तिच्या ताटातून.

काटकसरीनेही भागेना, तेव्हा बायका घराबाहेर पडल्या. १९७२ साली निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रियांनी एकत्र येऊन महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन केली. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर अशा पुढारी बायका तीत होत्या. मृणालताई तर आपल्या जवळच्या गोरेगावच्या. तिथल्या पाण्यासाठी त्या झगडल्या, म्हणून लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणत. हाती लाटणे व थाळी घेऊन साध्या गृहिणी मोर्चाला निघाल्या. सासूबाईही एकदा गेल्या. आमच्या आजेसासूबाईच त्यांना म्हणाल्या, "चूल मी बघते, तू जा." आपली थाळी रिकामी आहे हे मोठ्याने सांगायला त्या दिवशी कोणाला लाज वाटली नाही, असे सासूबाई आजही सांगतात.

पुढे २०२० साली, २५ मार्चपासून, टाळेबंदी आली. यजमानांची रिक्षा दाराशी उभी राहिली. डब्यातले पीठ तळाला गेले. मी गोधडीतला भात केला, शिरांची चटणी केली, आणि एका रात्री न कळत म्हणूनही गेले, "मला भूक नाही."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. आपली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, "हेच मी १९७३ साली म्हणत होते. पुढे अंगात रक्त उरले नाही, अंथरूण धरले. वाचवले त्याहून जास्त औषधाला गेले. उद्यापासून सगळ्यांनी एकदम बसायचे."

दुसऱ्या दिवसापासून पाचही जण एका पंगतीला बसू लागलो. भाकऱ्या चार असल्या तर चाराचे पाच वाटे होत. मुलांनाही घरची ओढ समजली. धाकटा आपणहून म्हणाला, "आई, मला पाऊण पुरते."

भगिनींनो, शिरांची चटणी आणि गोधडीतला भात आपल्या मुलीसुनांना जरूर शिकवा. पण शेवटचे ताट मात्र शिकवू नका. आणि अडचणीच्या दिवसांत शेजारीण "भूक नाही" म्हणाली, तर तिचे ऐकू नका. तिला हाताला धरून आपल्या पंगतीला बसवा.