कोब्यावरचा डाग

आमच्या घराच्या फाटकापासून पायरीपर्यंत सिमेंटचा कोबा आहे आणि त्या कोब्यावर, पायरीपासून दीड हातावर, एक काळा डाग आहे. चांगला परातीएवढा. आमच्या लग्नालाही तो हजर होता. सौभाग्यवतीनं माप ओलांडलं त्याच्या आधी हा डाग ओलांडला, आणि तेव्हापासून तो तिच्या डोळ्यांत सलतो आहे.

डाग वडिलांच्या स्कूटरचा. 1974 साली त्यांनी नाव नोंदवलं आणि 1982 साली स्कूटर घरी आली. मधल्या काळात मी अर्ध्या चड्डीतून फुल पॅंटीत गेलो. एवढ्या तपश्चर्येनं मिळालेल्या वस्तूला नावं कशी ठेवणार? खालून तेलाचे थेंब पडत, तर वडील त्याला गळती म्हणायचे नाहीत. "घाम येतो रे तिला," म्हणायचे. रोज सकाळी तिला आजाऱ्याला कुशीवर वळवावं तशी कलती करायची, मग सरळ करून किक मारायची. पुढं स्कूटर भंगारात गेली, नंतर वडीलही गेले. डाग राहिला.

यंदा मुलीचं लग्न ठरलं. "दारात रांगोळी काढायची ती या डांबरावर?" असा प्रश्न आला आणि मी कामाला लागलो.

पहिला प्रयोग धुण्याच्या सोड्याचा. अर्धा किलो सोडा, गरम पाणी, नारळाची किशी आणि माझी कंबर. कोबा उजळला, डाग होता तसाच. मग मी माझ्या सवयीप्रमाणे खराटा टाकून पुस्तकं उघडली. (आमच्या घरी याला कामचुकारपणा म्हणतात.) तेव्हा कळलं की चूक सोड्याची नाही, इतिहासाची आहे. आपल्या पूर्वजांचे डाग खोबरेलाचे, एरंडेलाचे, तुपाचे. असल्या तेलाला राख, सोडा असा क्षार भेटला की त्याचाच साबण होतो. डागानंच स्वतःला धुवायचं, इतकी सोय! पण 1859 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला एडविन ड्रेकनं तेलविहीर खोदली आणि पुढं जगाच्या चाकांना खनिज तेल मिळालं. या तेलाचा सोड्यानं साबण होत नाही. पोतंभर ओता, होणारच नाही.

दुसरा आरोपी सिमेंट. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्यानं 1824 साली पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं म्हणून हे नाव. दिसायला दगड खरा, पण आतून बारीक बारीक छिद्रांचा. तेल वर बसत नाही, आत मुरतं. वीस वर्षं मुरलेलं लोणचं बरणी पुसून जातं का?

शेजारच्या नानांनी संडासाचं ॲसिड सुचवलं. ओतल्याबरोबर असा फेस आला की नाना म्हणाले, "बघा, निघतोय!" निघत होतं ते सिमेंट. ॲसिड चुना खातं, तेलाला शिवत नाही. भोवतालचा कोबा झिजला आणि डाग चौरंगावर बसवल्यासारखा उठून दिसू लागला.

शेवटी उपाय सापडला तो रोमन धोब्यांकडं. हे लोक लोकरी कपड्यांतला तेलकटपणा काढायला एक प्रकारची माती वापरत. कपडे तुडवायला मूत्रही वापरत, आणि व्हेस्पेशियन बादशहानं त्या मूत्रावर कर बसवला होता. पण तो भाग मी घरी वाचून दाखवला नाही. धोब्यांच्या कामाविषयी इ.स.पू. 220 मध्ये रोममध्ये कायदा झाल्याचं प्लिनीनं नोंदवून ठेवलं आहे. त्या मातीची आपल्याकडची बहीण म्हणजे मुलतानी माती. आमच्या कन्येच्या कपाटात तिचा डबाच होता.

रॉकेल घालून ती थालीपिठाच्या पिठासारखी भिजवली, डागावर बोटभर जाड थापली, वर प्लास्टिक. (नानांची विडी फाटकाबाहेर.) रॉकेल मुरलेल्या तेलाला सैल करतं आणि वाळता वाळता माती ते वर ओढून घेते. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढलं, तिसऱ्या दिवशी खपली खरवडली, तर पांढरी माती तपकिरी झालेली! डाग चहाच्या रंगाचा झाला. दुसऱ्या थापण्यानंतर दुधाळ चहाचा. तिसऱ्यानंतर नुसतं एक कडं उरलं, स्कूटर उभी असायची तिथं.

तेवढ्यात कन्या बाहेर आली. खाली बघून म्हणाली, "बाबा, आजोबा मला पुढं उभी करून फाटकापर्यंत न्यायचे ना, ते इथूनच?"

"इथूनच," मी म्हटलं.

आतून विचारणा झाली, "अजून एकदा लावणार का?"

"माती संपली," मी सांगितलं. डबा अर्धा भरलेला होता, तो मी न्हाणीघरातल्या माळ्यावर मागं सरकवून ठेवला.