सिस्टर सभागृहात जाते तेव्हा

आमच्या मराठवाड्यातील ख्रिस्ती घरांत ‘सिस्टर’ हा शब्द दोन अर्थांनी उच्चारला जातो. एक सिस्टर कॉन्व्हेंटमध्ये राहते आणि दुसरी रुग्णालयात रात्रपाळी करते. दोघींनाही आम्ही मान देतो. परंतु राज्याचे कायदे जिथे होतात, त्या सभागृहात एखादी सिस्टर बसलेली आहे, असे चित्र आमच्या डोळ्यांसमोर सहसा येत नाही. आमदारांच्या पंक्तीत वकील, शिक्षक, शेतकरी, डॉक्टर चटकन आठवतात. परिचारिका आठवत नाही.

हा विचार आमच्या मनात बळावला तो ऑक्टोबर २०२३ मध्ये. नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांपैकी १२ नवजात बालके होती. वर्तमानपत्रांतून आणि राजकीय व्यासपीठांवरून या प्रकाराचा ऊहापोह झाला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. औषधे, खाटा, रिक्त पदे अशा सर्व गोष्टींची चर्चा झाली. परंतु एका रात्री एकाच परिचारिकेकडे किती बालके सोपविता येतात, याचे उत्तर जिला अनुभवाने ठाऊक आहे, ती त्या चर्चेत बोलताना दिसली नाही. तिच्याविषयी मात्र पुष्कळ बोलले गेले.

परिचारिकेने विधिमंडळात जावे, असे कुठे घडले आहे काय? घडले आहे, पण फार दूर, अमेरिकेतील टेक्सास राज्यात. तो इतिहास आपल्या वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

एडी बर्निस जॉन्सन यांचा जन्म टेक्सासमधील वॅको या गावचा. त्या काळी तेथील शाळा वर्णभेदाने विभागलेल्या होत्या. कृष्णवर्णीय मुलीला परिचर्येचे मान्यताप्राप्त शिक्षण हवे असल्यास राज्याबाहेर जाणे भाग होते. म्हणून त्या इंडियाना राज्यातील सेंट मेरीज महाविद्यालयात गेल्या. हे महाविद्यालय होली क्रॉस धर्मभगिनींनी १८४४ मध्ये स्थापिलेले. तेथून त्यांनी परिचर्येची पदविका घेतली. धर्मभगिनींच्या हाताखाली शिकून आमच्या किती लेकी याच वाटेने गेल्या, हे वाचकांस निराळे सांगावयास नको.

पुढे डॅलस येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली. नेमणूक पत्राने झालेली असल्याने, नवी परिचारिका कृष्णवर्णीय आहे हे अधिकाऱ्यांना ती दारात उभी राहिल्यावरच कळले. देऊ केलेली राहण्याची खोली तत्काळ नाकारण्यात आली. रुग्णाच्या खोलीत त्यांनी पाऊल टाकण्यापूर्वी कोणीतरी आत जाऊन, ही बाई या कामास पात्र आहे, असे रुग्णाला सांगून येई. हा अनुभव जॉन्सनबाईंनी उतारवयात स्वतः सांगितला आहे. ज्यांच्या हातचे पाणी एकेकाळी आमच्या गावांत घेतले जात नसे, अशा घरांतील वाचकांना त्या दाराशी थांबण्याचा अर्थ चांगला समजेल.

त्या थांबल्या, पण परत फिरल्या नाहीत. सोळा वर्षे त्यांनी तेथे सेवा केली आणि मनोरुग्ण विभागाच्या प्रमुख परिचारिका झाल्या. १९७२ मध्ये त्यांनी राज्याच्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक लढविण्याचे ठरविले, तेव्हा केंद्र सरकारची ही नोकरी त्यांना सोडावी लागली. डॅलसमधील एका मोठ्या दुकानाचे प्रमुख स्टॅन्ली मार्कस यांनी नोकरीचा आधार दिला. त्या निवडून आल्या. डॅलसमधून निवडणूक जिंकणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला. दुसऱ्या कार्यकाळात त्यांच्याकडे कामगारविषयक समितीचे अध्यक्षपद आले. टेक्सासच्या प्रतिनिधिगृहात एखाद्या प्रमुख समितीची धुरा स्त्रीकडे जाण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना आरोग्य, शिक्षण व कल्याण खात्याच्या प्रादेशिक संचालक नेमले. १९८६ च्या निवडणुकीत त्या राज्याच्या सिनेटवर निवडून गेल्या. १९९२ मध्ये त्या अमेरिकन संसदेवर निवडून आल्या. तेथे पोहोचलेल्या त्या पहिल्या नोंदणीकृत परिचारिका. २०१९ मध्ये त्या प्रतिनिधिगृहाच्या विज्ञान समितीच्या अध्यक्ष झाल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये निवृत्त झाल्या.

त्यांच्या कारकिर्दीस डाग नव्हता असे नाही. एका प्रतिष्ठानाच्या शिष्यवृत्त्या त्यांनी आपल्याच नातलगांना दिल्याचे २०१० मध्ये उघड झाले आणि ती रक्कम त्यांना भरून द्यावी लागली. सेवेची पुण्याई सत्तेच्या मोहापासून आपोआप वाचवीत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

३१ डिसेंबर २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या केंद्रात त्यांना ठेवले होते, तेथे वेळेवर स्वच्छता व शुश्रूषा न मिळाल्याने जंतुसंसर्ग झाला, असा आरोप त्यांच्या कुटुंबीयांनी केला. नांदेडची ती रात्र आणि हा मृत्यू एकाच वर्षातले. रुग्णाजवळ पुरेशी माणसे असणे ही केवळ दयेची बाब नाही. ती मंजूर पदांची, अंदाजपत्रकाची आणि कायद्याची बाब आहे.

आमच्याकडे या वाटेवर अडचणी आहेत. शासकीय परिचारिकेला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ अन्वये निवडणूक लढविता येत नाही. जॉन्सनबाईंप्रमाणे तिलाही आधी नोकरी सोडावी लागेल, आणि आमच्या कितीतरी घरांची चूल त्याच पगारावर पेटते. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षकांच्या मतदारसंघांतून भरतात. मराठवाड्याचाही असा एक मतदारसंघ आहे. परिचारिकांसाठी तशी सोय घटनेने केलेली नाही. राज्यपालनियुक्त १२ जागांत समाजसेवेचा उल्लेख आहे, ते एक दार उघडे आहे. शिवाय २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेत व विधानसभांत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखण्याची तरतूद केली आहे.

महाराष्ट्रात आरंभ अगदीच झालेला नाही. पूर्वी परिचारिका म्हणून काम केलेल्या किशोरी पेडणेकर नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या महापौर झाल्या. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या ऐन साथीत, त्या परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. पक्षभेद बाजूस ठेवूनही त्या दिवशीचा तो गणवेश आमच्या लक्षात राहिला आहे.

१९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा जखमींच्या उशाशी परिचारिका होत्या. नांदेडच्या त्या रात्रीही वॉर्डात त्याच होत्या. आपली लेक परिचर्येला निघते, तेव्हा आपण तिला आशीर्वाद देतो, ट्रंक भरून देतो आणि नोकरी पक्की झाली की निश्चिंत होतो. यापुढे तिला आणखी एक गोष्ट सांगावी, असे आम्हांस वाटते: बाई, वॉर्डात जे पाहशील ते लिहून ठेव. ग्रामसभेत बोल, पालिकेत बोल, आणि संधी आली तर त्याहून मोठ्या सभागृहातही बोल. तू पात्र आहेस, हे तुझ्याआधी आत जाऊन सांगायला कोणी यावे, याची वाट पाहू नकोस.