रेडिओनिक्स : ‘कंपने’ मोजणारे यंत्र नेमके काय मोजते?

मार्कहॅम (कॅनडा) : सुकलेल्या रक्ताचा थेंब, केसांची बट किंवा नुसते छायाचित्र यंत्रावर ठेवायचे, चकत्या फिरवायच्या आणि त्या व्यक्तीच्या ‘कंपनां’वरून रोग ओळखायचा, या पद्धतीला रेडिओनिक्स म्हणतात. उपचारही त्याच यंत्राने होतो. रुग्ण समोर असावाच लागतो असे नाही. ग्राफिक्स चिप घडवणारी एटीआय ज्या मार्कहॅममध्ये वाढली, तेथील मराठी अभियंत्याला ‘वारंवारता’ हा शब्द परका नाही. म्हणूनच या यंत्रांच्या माहितीपत्रकात तो भेटला की विश्वास चटकन बसतो.

वारंवारता म्हणजे एका सेकंदातील आवर्तनांची संख्या. तिचे एकक हर्ट्‌झ. दीड टेस्लाच्या एमआरआय यंत्रात शरीरातील हायड्रोजनची अणुकेंद्रके सुमारे ६४ मेगाहर्ट्‌झला प्रतिसाद देतात आणि हा आकडा तंत्रज्ञ बदलला म्हणून बदलत नाही. रेडिओनिक्सचे जनक, सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. अल्बर्ट ॲब्रम्स (१८६३-१९२४), यांनी मात्र रोगांची ‘कंपने’ ओहममध्ये सांगितली. ओहम हे विद्युतरोधाचे एकक आहे. वजन लिटरमध्ये सांगावे, तसाच हा प्रकार!

ॲब्रम्स यांच्या पद्धतीत रुग्णाचे रक्त यंत्रात ठेवले जाई, एका निरोगी माणसाला मंद प्रकाशात पश्चिमेकडे तोंड करून उभे केले जाई आणि त्याच्या पोटावर बोटांनी ठोकून येणाऱ्या आवाजावरून रोग ठरवला जाई. त्यांची उपचारयंत्रे भाड्याने मिळत; मात्र ती सीलबंद असत आणि पेटी न उघडण्याची अट भाडेकरूला मान्य करावी लागे. ‘सायंटिफिक अमेरिकन’ने १९२३-२४ मध्ये या पद्धतीची चौकशी केली. एका अनुयायी डॉक्टरापुढे रोगजंतूंच्या सहा कुप्या ठेवण्यात आल्या; त्याची सहाही उत्तरे चुकली. कुप्यांवरील चिठ्ठ्यांची लाल शाई आड आली, असे कारण त्याने दिले. शाई बदलून चाचणी पुन्हा झाली, तरी निकाल बदलला नाही.

पुढे पोटाची जागा रबराच्या पट्टीने घेतली. चालक पट्टीवर बोट घासतो. चकती योग्य आकड्यावर आली की बोट ‘चिकटते’. गॅलेन हायरोनिमस यांना अशाच रचनेच्या यंत्रासाठी १९४९ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले आणि ते आजही पुरावा म्हणून दाखवले जाते. पेटंट म्हणजे यंत्र चालते याचा दाखला नव्हे, हे पेटंटशी संबंध आलेल्या वाचकांना सांगायला नको. १९५६ मध्ये विज्ञानकथांच्या मासिकाचे संपादक जॉन कॅम्पबेल यांनी हे यंत्र बनवले. त्यांना ते विजेचा पुरवठा नसतानाही ‘चालते’ असे आढळले. मग त्यांनी मंडलाचा केवळ आराखडा शाईने कागदावर काढला आणि तोही तितकाच ‘चालला’. कॅम्पबेल यांना त्यात गूढ शक्ती दिसली. वाचकाला मात्र एवढे दिसते की तेथे मोजणारे साधन यंत्र नव्हतेच. ते चालकाचे बोट होते.

मराठी मुलखात हे बोट जुन्या ओळखीचे आहे. विहिरीची जागा दाखवणारा पाणाड्या दुबेळक्याची काठी किंवा तळहातावरचा नारळ घेऊन शेतात फिरतो आणि एका ठिकाणी ती वस्तू आपोआप हलते. तो लबाडी करत असतोच असे नाही. मनातील अपेक्षेने स्नायूंची नकळत सूक्ष्म हालचाल होते, हे इंग्लंडचे विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्येच मांडले होते. वास्तुपरीक्षणात मिरवणारा लेखर अँटेना आणि लंबक हे याच काठीचे भाऊबंद.

समर्थक एका चाचणीचा हवाला हमखास देतात आणि तो टाळून पुढे जाणे उचित नाही. १९२४ मध्ये ब्रिटनमध्ये सर थॉमस हॉर्डर यांच्या समितीने ग्लासगोच्या डॉ. बॉइड यांचे यंत्र तपासले, तेव्हा बॉइड यांची सलग २५ उत्तरे बरोबर आली होती. तरीही निदान व उपचारासाठी ही पद्धत शास्त्रीयदृष्ट्या निराधार आणि नैतिकदृष्ट्या असमर्थनीय आहे, असाच निष्कर्ष त्या समितीने काढला. अहवालाचा हा उत्तरार्ध सहसा उद्‌धृत होत नाही.

या वादाची किंमत रुग्णांनी मोजली. लॉस एंजेलिसच्या रूथ ड्राऊन रक्ताच्या डागावरून निदान करत. शिकागो विद्यापीठातील चाचणीत त्या सपशेल नापास झाल्या. इलिनॉयमधील एका महिलेच्या स्तनात गाठ आढळली होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली असताना ती ड्राऊन यांच्या यंत्रावर विसंबली आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली. या प्रकरणी १९५१ मध्ये ड्राऊन दोषी ठरल्या. शिक्षा झाली ती १,००० डॉलर दंडाची. पुढे १९६० मध्ये लंडनच्या न्यायालयात ऑक्सफर्डच्या जॉर्ज द ला वॉर यांच्यावरील फसवणुकीचा दावा मात्र फेटाळला गेला, कारण त्यांची आपल्या यंत्रावर प्रामाणिक श्रद्धा होती, असे न्यायाधीशांना वाटले. श्रद्धा प्रामाणिक होती म्हणून यंत्र खरे ठरले, असा मात्र त्या निकालाचा अर्थ नव्हता.

महाराष्ट्रात चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना १९५४ चा केंद्रीय कायदा लागू आहे. कॅनडात अन्न व औषध कायद्याचे कलम २० उपकरणाविषयीच्या खोट्या वा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस मनाई करते. येथे वैद्यकीय उपकरणांचे जोखमीनुसार चार वर्ग आहेत. दुसऱ्या ते चौथ्या वर्गातील प्रत्येक उपकरणाला हेल्थ कॅनडाचा परवाना लागतो आणि चालू परवान्यांची यादी कोणालाही पाहता येते. पहिल्या वर्गातील उपकरणाला असा परवाना लागत नाही. त्यामुळे ‘कॅनडात विक्रीस आहे’ याचा अर्थ ‘परिणामकारकता तपासली आहे’ असा होत नाही. ऑन्टॅरिओत रुग्णाला रोगनिदान सांगणे हे १९९१ च्या कायद्यानुसार नियंत्रित कृत्य आहे. तो अधिकार डॉक्टरांसारख्या मोजक्या नोंदणीकृत व्यावसायिकांनाच आहे; यंत्राच्या चालकाला तो केवळ यंत्र जवळ असल्यामुळे मिळत नाही.